ओल्या जोडीचा पत्ता

मेगरचं हँडल फिरत नसलं की त्याचा काटा कुठेही उभा राहतो. कधी शून्यापाशी, कधी मधेच, कधी पार अनंताच्या खुणेवर. तो काळा, जड डबा पहिल्यांदा माझ्या पुढ्यात आला तेव्हा त्याला काहीही जोडलेलं नव्हतं, तरी काटा 2 मेगओहमवर होता. डबा जरा तिरका केला तर काटा सरकला आणि भलतीकडेच जाऊन थांबला.

"काका, हा नेमकं काय दाखवतोय?"

"काहीच नाही. फिरवल्याशिवाय तो बोलत नाही."

नेहमीच्या मीटरमध्ये काट्याला शून्यावर परत आणणारी बारीक स्प्रिंग असते. तारांची गळती मोजणाऱ्या मेगरमध्ये ती नसतेच. एकाच आसावर, एकमेकांशी कोन करून बसवलेली दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून आतल्या छोट्या जनित्राच्या दाबाप्रमाणे प्रवाह जातो, दुसऱ्यातून आपण तपासत असलेल्या तारेतून जितका प्रवाह गळतो तितका. दोन्हींची ओढ जिथे बरोबरीत येते तिथे काटा थांबतो. म्हणून हात थोडा हळू फिरला किंवा जोरात फिरला तरी आकडा बदलत नाही, कारण दाब वाढला की दोन्ही प्रवाह सारखेच वाढतात. हे समजायला मला बराच वेळ लागला. समजलं तेव्हा मात्र हँडल आणखी एकदा, नुसतं बघण्यासाठी म्हणून, फिरवलं. दोन्ही चिमटे मोकळे ठेवले तर काटा अनंतावर, एकमेकांना टेकवले तर शून्यावर. लंडनच्या एव्हरशेड अँड विग्नोल्स कंपनीची ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. तिला सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही.

मी हिशेबाच्या कामातली बाई. वीज आणि मी यांचा संबंध फ्यूज बदलण्यापुरता. या डब्याशी गाठ पडली ती सोसायटीच्या इंटरकॉममुळे. आमच्या चार इमारती आहेत, आणि गेटवरच्या केबिनमध्ये छोटं एक्स्चेंज आहे. तिथून जमिनीखालून गेलेली दहा जोड्यांची, जेली भरलेली टेलिफोन केबल प्रत्येक इमारतीच्या डी.पी. बॉक्समध्ये, म्हणजे तारा वाटून देणाऱ्या पेटीत, उतरते. पाऊस लागला की सी इमारतीतल्या फोनमध्ये खरखर सुरू व्हायची. मग एकमेकांचं बोलणं ऐकू येईनासं व्हायचं आणि शेवटी फोन मुका. सभेत बहुतेकांचं म्हणणं पडलं की सगळ्यांकडे मोबाइल आहेत, कशाला हवा इंटरकॉम? पण सी इमारतीत एकट्या राहणाऱ्या आज्या आहेत. मोबाइलचा पडदा चाचपण्यापेक्षा रिसीव्हर उचलून 9 दाबणं त्यांच्या हाताला जमतं, आणि रात्री छातीत कळ आली तर तेवढंच जमणार आहे. म्हणून मी म्हटलं, काढून टाकण्याआधी एकदा बघू तरी.

काका ए इमारतीत राहतात. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले, 2000 साली खात्याचं बीएसएनएल झालं, पुढे तिथूनच निवृत्त झाले. खात्याची हत्यारं त्यांनी जाताना जमा केली. पण हात रिकामे राहवेनात, म्हणून मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एकेक वस्तू स्वतःच्या पैशानं गोळा केली. त्यांच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत मेगर होता, इंग्लंडमध्ये बनलेला एव्हो मॉडेल 8 हा मीटर होता, पाठीवर गोल डायल असलेला टेस्ट फोन होता, बझर आणि कानाला लावायचा इअरफोन होता. सर्वांत खाली जाड कापडात गुंडाळलेली एक लाकडी पेटी होती. ती त्यांनी त्या दिवशी उघडलीच नाही. "तिची वेळ आली तर," एवढंच म्हणाले.

काकांच्या भाषेत लायनीचे रोग मोजके. तार तुटली तर 'डिस'. जोडीतल्या दोन तारा एकमेकींना किंवा शेजारच्या जोडीला चिकटल्या तर 'कॉन्टॅक्ट'. तार जमिनीशी बोलायला लागली तर 'अर्थ'. पूर्वी 198 वर तक्रार आली की एक्स्चेंजमधला टेस्ट डेस्कवरचा माणूस ती लाइन घ्यायचा, मीटरचा काटा बघायचा आणि खांबावरच्या लाइनमनला यांतला एक शब्द सांगायचा. त्यावरून लाइनमन ठरवायचा की शिडी कुठे लावायची. मी तोवर फोन चालू किंवा बंद एवढंच जाणत होते. मधे इतकं काही असतं याची कल्पनाच नव्हती.

माझ्याकडे ऑनलाइन मागवलेला नवा डिजिटल मीटर होता. सी इमारतीकडे जाणारी जोडी आम्ही एक्स्चेंजपासून सोडवली, पलीकडच्या टोकाला दोन्ही तारा एकत्र बांधल्या आणि अलीकडे मीटर लावला. तो पीं करून वाजला, आकडा आला 41 ओहम. काकांनी मनात हिशेब केला. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीला किलोमीटरमागे जाऊन-येऊन 168 ओहम. आमची केबल 240 मीटर. म्हणजे 40 च्या आसपास यायला हवं, आणि आलंही. ही लांबी कशी कळली, तेही सांगते, कारण मला त्याचं फार अप्रूप वाटलं. केबलच्या काळ्या सालीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. गेटवरच्या टोकाचा आकडा 612 होता, सी इमारतीतल्या टोकाचा 852. गेली कित्येक वर्षं त्या केबलच्या शेजारून मी जात-येत होते.

तर तार शाबूत, लांबी बरोबर, मीटर खूश. मग खरखर कशाची?

टोकाला बांधलेल्या तारा मोकळ्या केल्या, एक चिमटा तारेला आणि दुसरा केबिनमागच्या अर्थिंगच्या सळीला लावला. डिजिटल मीटरवर आकडे धावायला लागले. 14 हजार, 60 हजार, मग वजाचं चिन्ह, मग पुन्हा काहीतरी. काका म्हणाले, "त्याला राहू दे. काटा लाव."

एव्होबद्दल थोडं सांगायलाच हवं. ब्रिटिश पोस्ट खात्यात, म्हणजे टेलिफोनही ज्यांच्याकडे होते त्या खात्यात, डोनाल्ड मॅकेडी नावाचे अभियंते होते. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला तीन वेगळी यंत्रं वागवून ते कंटाळले आणि तिन्ही कामं करणारं एकच यंत्र त्यांनी घडवलं. ते 1923 साली बाजारात आलं. मॉडेल 8 निघालं 1951 मध्ये, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या 2008 पर्यंत बनत होत्या. ओहमची पट्टी उजवीकडून डावीकडे वाचायची, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. आजची अडचण वेगळीच आहे. मोठे रोध मोजायला त्याच्या पोटात 15 व्होल्टची एक खास बॅटरी लागते. ती मी तपकीर गल्लीत दुकानामागून दुकान विचारत हिंडले, कुठेही मिळाली नाही. शेवटी गाडीच्या रिमोटमध्ये असते ती 12 व्होल्टची बारीक बॅटरी आणि तिला जोडून 3 व्होल्टचा नाण्यासारखा सेल, असे 15 भरले. लाकडाच्या तुकड्यात बसवून दिल्यावर मीटरनं ते बिनतक्रार घेतलं.

काकांनी आधी मला निरोगी लाइन दाखवली. डी इमारतीची जोडी घेतली, तिच्या टोकाला जुन्या पद्धतीचा, खरी घंटी असलेला फोन ठेवणीवर होता. अशा घंटीच्या वाटेत सुमारे 1 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो. घंटीचा हेलकावणारा प्रवाह त्यातून जातो, एक्स्चेंजच्या बॅटरीचा सरळ प्रवाह अडतो. चिमटे लावताच काटा झपकन उजवीकडे झेपावला आणि हळूहळू परत आला. चिमटे अदलाबदल केले तर झेप आणखी मोठी, कारण आधीच भरलेला कॅपॅसिटर आता उलटा भरायचा होता. डिजिटल मीटरवर तेवढ्यात दोन-तीन आकडे लुकलुकून जातात, हातात काही लागत नाही. इथे मात्र दोनशे मीटरवरचा तो फोन जागेवर आहे, ठेवणीवर आहे आणि त्याच्यापर्यंतची वाट अखंड आहे, हे सगळं एका झेपेत कळतं. लाइन कित्येक किलोमीटरची आणि मधेच तुटलेली असली, तर नुसत्या तारांच्या धारकतेची लहानशी झेप दिसते. तिच्यावरून तार जवळ तुटली की लांब, याचा जाणते लाइनमन अंदाज करायचे. आमच्यासारख्या आखूड लायनीवर तेवढी झेप दिसत नाही.

मग सी इमारतीची दुखरी तार. चिमटे एका बाजूनं लावले तर 18 हजार ओहम. उलटे लावले तर 31 हजार. तीच तार, तीच सळी, तोच मीटर. मी पुन्हा लावून पाहिलं. 18 आणि 31. रोध म्हणजे रोध, त्याला दिशा कुठून आली?

काकांनी मीटर व्होल्टवर फिरवला. दोन्ही टोकांपासून सोडवलेल्या, कशालाही न जोडलेल्या त्या तारेवर 0.4 व्होल्ट दाब होता. जमिनीखाली कुठेतरी तांबं पाण्याला लागलेलं होतं, पाण्यात मातीतले क्षार होते आणि दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी सळी होती. त्या तिघांचा मिळून सेल तयार झाला होता. मीटरमधल्या दीड व्होल्टच्या सेलला तो एका दिशेनं मदत करत होता, दुसऱ्या दिशेनं विरोध. हिशेबाची बाई म्हणून मी कागद घेतला. दीडमध्ये 0.4 मिळवले आणि वजा केले, 1.9 आणि 1.1. त्यांचं गुणोत्तर 1.7. आणि 31 भागिले 18? तेही 1.7. कागदावर ते जुळलेलं पाहिलं तेव्हा मला किती आनंद झाला, हे सांगायला शब्द कमी पडतात. खरा रोध 23 हजारांच्या जवळपास निघत होता. डिजिटल मीटर का भांबावला तेही उमगलं. तो तपासायला स्वतःचा अगदी थोडा दाब लावतो आणि तारेवर आधीच दुसऱ्याच कुणाचा दाब बसलेला.

टेलिफोन एक्स्चेंजची 48 व्होल्टची बॅटरी धन टोकानं जमिनीला का जोडतात, हे काकांनी तेव्हाच सांगितलं. ओलीत धन बाजूचा धातू विरघळत जातो. तार जमिनीपेक्षा ऋण ठेवली की झिजायची वेळ आलीच तर ती तांब्यावर कमी येते.

मग मेगर. त्याआधी काकांनी दोन्ही टोकं सुटी असल्याची स्वतः जाऊन खात्री केली. मेगर 500 व्होल्ट देतो. इंटरकॉमचं एक्स्चेंज किंवा हल्लीचा इलेक्ट्रॉनिक फोन जोडलेला राहिला तर तो जागच्या जागी जळेल. पूर्वीच्या घंटीच्या फोनांना एवढी नाजूक प्रकृती नव्हती, म्हणून आज ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. तपासणी झाल्यावर तारा अर्थला टेकवून रित्या करायच्या, तेही लक्षात ठेवायचं, कारण लांब केबल तो दाब धरून ठेवते. मी हँडल फिरवलं. ठरावीक वेगाला आतला क्लच घसरल्याचं हाताला कळतं, मग तोच वेग धरायचा. शेजारच्या जोड्या अनंताच्या आसपास होत्या. दुखरी तार जवळजवळ शून्यावर.

निदान झालं: अर्थ. आता प्रश्न असा की 240 मीटरमध्ये कुठे? सगळी बाग उकरायची?

तेव्हा काकांनी ती लाकडी पेटी उघडली. आत व्हीटस्टन ब्रिज. ही रचना मुळात सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी 1833 मध्ये मांडली आणि 1843 मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती जगापुढे आणली. माझ्या पुढ्यात होतं ते म्हणजे एबोनाइटच्या फळीवर पितळी टोकांची चक्रं, मधोमध गॅल्व्हानोमीटर आणि दाबायच्या दोन कळा. तिच्यावर करायच्या तपासणीचं नाव मरे लूप. पलीकडच्या टोकाला दुखरी तार दुसऱ्या जोडीतल्या एका चांगल्या तारेला बांधायची. मग आपल्या हातात एका लांबलचक लूपची दोन टोकं येतात, 480 मीटर तांबं, आणि त्यात कुठेतरी जमिनीला गळणारी एक जागा. ती जागा लूपचे दोन भाग करते. पेटीतले दोन रोध त्या दोन भागांच्या प्रमाणात आले की गॅल्व्हानोमीटरचा काटा मध्यावर स्थिर होतो.

या तपासणीत मला सर्वांत विलक्षण वाटलं ते हे की गळती 23 हजार ओहमची आहे की 2 हजारांची, याच्याशी उत्तराचा काही संबंध नाही. गळतीचा रोध बॅटरीच्या वाटेत बसतो, तोलात नाही. पाऊस थांबून तो बदलला तरी काटा कमी-जास्त संवेदनशील होईल, पण जागा तीच दाखवील. उन्हानं तांबं तापलं की त्याचा रोध अंशामागे साधारण 0.4 टक्क्यांनी वाढतो, पण दोन्ही बाजूंचा सारखाच वाढतो, म्हणून तेही गळून पडतं. इतक्या अडचणी नुसत्या मांडणीतून बाजूला सारणारं काही मी माझ्या वह्यांमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

गळती मोठ्या रोधाची असल्यामुळे दीड व्होल्टवर काटा हलेना. पूर्वी यासाठी 45 व्होल्टचे बॅटरी ठोकळे मिळायचे. आम्ही 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या एकमेकींत खोचून 45 भरले. आधी बॅटरीची कळ दाबायची, मग गॅल्व्हानोमीटरची नुसती टिचकी मारायची, काटा कुठे पळतो ते बघायचं, चक्र एक घर फिरवायचं, पुन्हा टिचकी. एक बाजू 1000 ओहमवर कायम, दुसरी 900 केली तर काटा उजवीकडे आपटला, 300 केली तर डावीकडे. 400 ला थोडा डावीकडे, 500 ला थोडा उजवीकडे. 460 ला टिचकी मारली आणि काटा जागचा हलला नाही. काकांनी तोंडानं काही म्हटलं नाही, फक्त पेन माझ्या हातात दिलं.

460 भागिले 1460, गुणिले 480. उत्तर 151 मीटर.

काकांचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. पेटी उचलून सी इमारतीत नेली आणि तिकडून तीच तपासणी केली. तिथून 87 मीटर आले. 151 आणि 87 मिळून 238, म्हणजे दोन मीटरचा फरक. "एवढं चालतं," ते म्हणाले. "एका टोकाच्या आकड्यावर कधी कुदळ मारायची नाही." केबिनमध्ये केबलचं तीन मीटरचं वेटोळं भिंतीला टांगलेलं होतं, ते वजा केलं. टेप धरून केबलच्या वाटेनं चालत गेलो तेव्हा आम्ही बागेच्या त्या कोपऱ्यात उभे होतो जिथे गेल्या उन्हाळ्यात पाण्याची नवी पाइपलाइन टाकली होती.

माळ्यानं हातानं, हळू उकरलं. दोन फुटांवर केबल लागली आणि खड्ड्याच्या एका कडेला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फुगा. पाइपलाइन टाकताना केबल तुटली होती. कुणीतरी तारा पिळून, वर काळी टेप गुंडाळून माती ओढली होती आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं. पिशवी कापली तर आत पाणी. पांढऱ्या-निळ्या जोडीतल्या पांढऱ्या तारेचा पीळ पूर्ण हिरवा. इतरांना नुकतीच हिरवी कड धरत होती, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात त्यांचीही पाळी होती. त्यातल्या त्यात भाग्य असं की केबल जेलीची होती, म्हणून पाणी जोडापाशीच थांबलं. काकांच्या सुरुवातीच्या नोकरीत तारांवर कागद आणि वरून शिशाचं आवरण असायचं. तशा केबलला भोक पडलं की पाणी आत पसरायचं. म्हणून अशा मोठ्या केबलींमध्ये एक्स्चेंजमधून कोरडी हवा दाबून भरत, भोक पडलं तरी हवा बाहेर यावी, पाणी आत जाऊ नये.

काकांनी दोन्ही बाजूंची कुजकी तार कापून काढली. केबलीला थोडी ढील होती, ती कामी आली. एकेक तार जेली भरलेल्या यू-वाय कनेक्टरमध्ये खुपसून पक्कडीनं दाबली. दाबल्यावर जेली बाहेर डोकावते, ती दिसली की जोड बसला असं समजायचं. वरून जोडाची नळी घातली, गरम करून आवळली. कनेक्टर आणि नळी आजही बाजारात सहज मिळतात. माती लोटण्याआधी मी मेगर फिरवला. काटा अनंताकडे गेला आणि तिथेच राहिला.

टेस्ट फोनची गंमत त्यानंतरची. घरी फायबरचा डबा बसवला आहे, त्याच्या फोनच्या खोबणीत मी तो लावून पाहिला. डायल टोन छान आला. डायल फिरवली तर टोन तसाच चालू. गोल डायल लाइन ठरावीक वेळा तोडून आकडा सांगते, 5 साठी पाच तुटी, 0 साठी दहा, आणि आमच्या त्या डब्याला ही भाषा कळत नव्हती. आमच्या इंटरकॉमच्या जुन्या एक्स्चेंजला मात्र अजून कळते. म्हणून सी इमारतीच्या डी.पी.वर चिमटे लावून मी 9 फिरवला तेव्हा गेटवर घंटी वाजली आणि वॉचमन म्हणाला, "बोला."

काकांनी आता मला एक वही घालायला लावली आहे. प्रत्येक जोडीचा लूप रोध, दोन्ही तारांचं जमिनीशी इन्सुलेशन, तारीख, आणि पाऊस होता की ऊन. एक सोडून बाकी सगळ्या जोड्या 50 मेगओहमच्या वर आहेत. बी इमारतीची तिसरी जोडी कोरड्या दिवशीसुद्धा 3 मेगओहम दाखवते आणि चिमटे उलटे केले की आकडा थोडा बदलतो. तिला अजून खरखर नाही, कुणाची तक्रारही नाही. पण 45 व्होल्टच्या बॅटऱ्या बाजूला काढून ठेवल्या आहेत. येत्या रविवारी काकांना वेळ असेल तर पेटी बी इमारतीत न्यायची, नाहीतर मी एकटीनं.